खटपट : सायकलीचा चार्जर कुठे ठेवता?



गेल्या खेपेला बॉयलरचं प्रेशर आणि रेडिएटरमध्ये अडकलेली हवा यावर लिहिलं, त्याला बऱ्याच जणांची उत्तरं आली. पैकी दोघांनी बॉयलर सोडून भलताच प्रश्न विचारला: इलेक्ट्रिक सायकलीचा चार्जर हात ठेववत नाही इतका तापतो, हे चालायचंच का? त्यातल्या एकाने उपाय म्हणून चार्जरखाली ओला नॅपकिन ठेवायला सुरुवात केली आहे. बाबा रे, तो नॅपकिन आधी उचल. २३० व्होल्टचं यंत्र आणि खाली ओलं फडकं! उरलेलं नंतर वाच.

विषय माझ्याही यादीत होताच, पण लिहायला जरा लाज वाटत होती. कारण सांगतो.

आमचं घर अ‍ॅम्स्टेलवेनला, नेहमीचं ओळीतलं. पुढचं दार उघडलं की चिंचोळा पॅसेज, डावीकडे मेटरकास्ट, समोर तो उभाच्या उभा डच जिना (तो उतरताना आई अजूनही देवाचं नाव घेते). मेटरकास्टमध्ये विजेचा मीटर, गॅसचा मीटर, पाण्याचा मीटर आणि राउटर. राउटरसाठी तिथे सॉकेट आहे. बाहेरून आलं की सायकलची बॅटरी काढायची, दोन पावलांवर सॉकेट, त्यामुळे मी दोन वर्षं बॅटरी तिथेच चार्ज करत होतो. जागा कमी, म्हणून बॅटरी खाली आणि तिच्या डोक्यावर चार्जर. रात्री जेवणं झाली की लावायचा, सकाळी निघताना काढायचा. मेटरकास्टच्या दाराला खाली-वर हवेसाठी फटी असतात, त्यातल्या खालच्या फटीसमोर आमच्या सगळ्यांचे बूट. आत दाराच्या मागे खुंटीवर लेकीचा रेनसूट.

गेल्या नोव्हेंबरात आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबांनी सगळी नोकरी आधी एमएसईबीत आणि मग महावितरणमध्ये काढली. एका रात्री ते पाणी प्यायला खाली उतरले आणि पॅसेजमध्ये त्यांना वास आला. सकाळी चहाच्या वेळी मला म्हणाले, "रात्री तुझा तो ठोकळा मी बंद केलाय. आज बॅटरी भरलेली नसेल, जरा जोर लावून पॅडल मार."

"का, काय झालं?"

"अरे, कोंडून ठेवला होतास. वरनं पोरीचा रेनकोट पडलेला. प्लास्टिक तापल्याचा वास सुटला होता. हाताची उलटी बाजू लावून बघितली, तर चटका बसला."

"बाबा, चार्जर थोडा तापतोच."

"थोडा म्हणजे किती?"

मंडळी, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ई अँड टीसीची डिग्री, बारा-तेरा वर्षांची नोकरी, दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरच्या तापमानाचे आलेख बघतो, आणि स्वतःच्या जिन्याखाली काय तापतंय ते माहीत नाही. लेक वरच्या मजल्यावर झोपते. तिला खाली यायला तो एकच जिना, आणि जिना संपतो बरोबर मेटरकास्टच्या दारात.

शनिवारी आम्ही दोघांनी मोजायला घेतलं. सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावायचा वॉटमीटर माझ्याकडे होता, आणि तव्याचं तापमान बघायला बायकोने घेतलेलं इन्फ्रारेड थर्मामीटर. (पुरणपोळीला तवा किती तापला पाहिजे यावर आमच्याकडे संशोधन चालू आहे. त्यावर वेगळं लिहीन.)

माझी बॅटरी ३६ व्होल्टची, साधारण ५०० वॉट-अवरची, चार्जर ४ अँपियरचा. सुरुवातीला भिंतीतून १६५ वॉट जात होते. बॅटरीकडे त्या वेळी ३६ गुणिले ४, म्हणजे १४४ वॉट पोचतात. मधले २१ वॉट गेले कुठे? चार्जरच्या डब्यात, उष्णता म्हणून. बरेचसे चार्जर साधारण याच गणितात बसतात: आत जाणाऱ्या विजेचा दहावा हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, उष्णतेत जातो. म्हणजे जेवणाच्या छोट्या डब्याएवढ्या पेटीत वीस वॉटचा बल्ब चार तास पेटलेला. ती पेटी तापणारच. न तापली तरच आश्चर्य.

प्रश्न ती उष्णता बाहेर कशी पडते हा आहे. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर, मोकळ्यावर, खोलीत २० अंश असताना एका तासाने चार्जरची वरची बाजू ४६ अंशांवर स्थिरावली. हात ठेवता येतो, गरम लागतं, पण ठेवता येतो. मग मुद्दाम मेटरकास्टमध्ये, वरून रेनसूट टाकून, दोघंही समोर खुर्च्या टाकून बसलो. ३५ मिनिटांत ७१ अंश आणि आकडा चढतच होता. बाबा म्हणाले, "पुरे कर आता." प्लग काढला. तोच चार्जर, तीच बॅटरी, तेच २१ वॉट. फरक फक्त हवेचा.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मोकळ्या जागी चार्जर चाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापला तर घाबरायचं कारण नाही. साठच्या पुढे हात आपोआप मागे येतो. मोकळ्यावर ठेवूनही असं होत असेल तर तो चार्जर बदलायला झाला. चार्जरवर '० ते ४० अंश' असं छापलेलं असतं, त्याचा लोक चुकीचा अर्थ लावतात. ते चार्जरचं स्वतःचं नव्हे, त्याच्या भोवतालच्या हवेचं तापमान. बंद कपाटात चार्जर स्वतःच ती हवा तापवतो आणि मग त्याच तापलेल्या हवेत बसतो.

आत काय होतं तेही थोडक्यात. चार्जरमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, त्यांच्यात द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ४६ च्या जागी ६६ अंशांवर रोज चालवलेला चार्जर चौपट लवकर म्हातारा होतो. बहुतेक वेळा असा चार्जर एक दिवस नुसताच मरतो, आपण चडफडत नवीन घेतो. पण मरण्याआधी तो नीट वागेलच याची खात्री नसते. व्होल्टेजवरचा ताबा सुटला तर पुढे बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, तेवढं आडवं येतं. चांगल्या बॅटरीत ते येतं. स्वस्तातल्या बॅटरीत ते आहे की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि कृपा करून उघडू नका.

आता मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चार्जरचा डबा गरम असणं वेगळं आणि पिन गरम असणं वेगळं. बॅटरीत जाणारी पिन, भिंतीतला प्लग, एक्स्टेन्शनचं सॉकेट हे सगळं जवळपास थंड असलं पाहिजे. पिन ढिली झाली किंवा काळी पडली की तिथे रोध वाढतो. समजा फक्त ०.१ ओहम. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १६ गुणिले ०.१, झाले १.६ वॉट. आकडा किरकोळ वाटतो, पण तो नखाएवढ्या जागेत, तासन् तास. तेवढ्यावर प्लास्टिक मऊ पडतं, पिन आणखी ढिली होते, रोध आणखी वाढतो. बाबांच्या भाषेत, "लूज काँट्रॅक". खांबावरचं असो की सायकलवरचं, जात एकच. तेव्हा हात लावायचा तर आधी पिनेला लावा. गरम लागली तर त्या दिवसापुरतं चार्जिंग बंद आणि पिन बघून घ्या.

दुसरी परीक्षा वेळेची. चार्जर आधी ठरलेला करंट देतो आणि बॅटरी भरत आली की व्होल्टेज धरून करंट कमी कमी करत नेतो. त्यामुळे सर्वात जास्त उष्णता आधीच्या दोन-तीन तासांत, शेवटी शेवटी कोमट, आणि हिरवा दिवा लागल्यावर अर्ध्या तासात जवळपास थंड. हिरव्या दिव्यानंतरही तो तसाच गरम राहत असेल तर काहीतरी बिघडलं आहे. ज्यांच्या चार्जरला पंखा आहे त्यांनी आवाज ऐकावा. घरात मांजर असेल तर जाळी बघावी. एवढंच.

आता चुकीच्या चार्जरबद्दल, कारण हे आपल्यासारख्या घरांत सहज होऊ शकतं. इथे २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकी निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक होत्या, म्हणजे एका घरात दोन-दोन आल्या. ३६ व्होल्टच्या बॅटरीला चार्जर ४२ व्होल्टचा लागतो (दहा सेल एकापुढे एक, प्रत्येकी ४.२). ४८ व्होल्टच्या बॅटरीत साधारण तेरा सेल, म्हणून चार्जर ५४.६ चा. मुलांच्या त्या फॅटबाइक बऱ्याचदा ४८ च्या असतात. घोळ असा की काही चार्जरांची गोल पिन दोन्हींत बसते! घाईत ५४.६ चा चार्जर ३६ च्या बॅटरीला लावला तर मधे फक्त ते बीएमएस. आमच्याकडे बायकोची सायकल ४८ ची आहे. तिने दोन्ही चार्जरांना आणि दोन्ही बॅटऱ्यांना रंगीत टेप गुंडाळली, माझ्या जोडीला पिवळी, तिच्या जोडीला लाल. हळद-कुंकू. लेकीलाही कळतं.

चार्जर हरवला की आपण आधी काय करतो? मार्क्टप्लाट्स बघतो. ऑफिसातल्या एकाची सायकल व्हॅनमूफची. २०२३ च्या जुलैत कंपनी दिवाळखोरीत निघाली (त्याच वर्षी नव्या मालकाने घेतली), आणि नेमका तेव्हाच याचा चार्जर हरवला. 'सेम टू सेम' म्हणून कुणाकडून तरी एक घेतला. तो चालला, पण वॉटमीटरवर लावला तर बॅटरी भरल्यावरही करंट शून्याला येत नव्हता. फेकायला लावला. मूळ कंपनीचा चार्जर महाग असतो हे मान्य. पण तीस-चाळीस युरो कुठे वाचवायचे हे ठरवताना आपल्या मराठी मनाला जरा आवर घालावा. आणि सीई ही खूण बघून निर्धास्त होऊ नका. ती बऱ्याचदा उत्पादक स्वतःच लावतो. 'केमा-कॉयर' ही खूण असेल तर निदान तिऱ्हाइताने तपासलं आहे असं धरता येतं.

इथे थोडं गंभीर व्हावं लागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईला एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात वारला. त्या वर्षी देशात स्कूटरींना लागलेल्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचं मानक, एआयएस-१५६, कडक केलं आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली. तिथेही त्याच वर्षी नियम आला की विकल्या जाणाऱ्या सायकली आणि त्यांच्या बॅटऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासलेल्या हव्यात.

आग बहुतेक वेळा चार्जरला नाही, बॅटरीला लागते: पडलेली, पाणी गेलेली, हलक्या सेलची, जास्त भरली गेलेली. चार्जर निमित्त होतो. पण दोघं एकावर एक ठेवून मी चार्जरचे २१ वॉट थेट बॅटरीच्या पाठीवर ओतत होतो, तेही गॅसच्या मीटरच्या शेजारी. लिथियम सेल एकदा पेटला की शेजारच्याला पेटवतो, आणि धूर सुरू झाल्यापासून हातात मिनिटं नसतात, सेकंद असतात. तो धूरही विषारी. अशा वेळी बॅटरी उचलून बाहेर नेण्याचा पराक्रम करायचा नाही. दार ओढून घ्यायचं, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ११२. हे सगळं जमायचं तर आग दारात लागलेली नसावी. आमच्याकडे ती नेमकी दारातच लागली असती.

तर आता आमच्याकडची व्यवस्था. चार्जिंग स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ, टाइल्सवर. बॅटरी आणि चार्जर यांच्यात हातभर अंतर, चार्जर मोकळ्यावर, गालिचा नाही, पडदा नाही, वर खुंटी नाही. घरात आल्या आल्या लावायचा, झोपायच्या आधी काढायचा. ४ अँपियरने रिकामी बॅटरी भरायला साडेचार तास लागतात, पण रोजच्या ऑफिसला ऐंशी टक्के भरली तरी पुरते, आणि तेवढीच भरली तर बॅटरीही जास्त टिकते. विसरभोळेपणासाठी ते दहा युरोवालं टाइमर लावलं आहे, साडेदहाला वीज बंद. मेटरकास्टच्या फटीसमोरचे बूटही हलवले (हे सर्वात अवघड काम होतं).

"पण रात्री वीज स्वस्त असते ना?" हा प्रश्न येणारच, कारण तो माझाही होता. हिशोब करू. एक पूर्ण चार्ज म्हणजे साधारण ०.६ युनिट. युनिटला ३० सेंट धरले तर १८ सेंट. रात्रीचा दर दोन-तीन सेंटनी कमी असला तर एका चार्जमागे वाचतात एक-दोन सेंट. त्यासाठी घर झोपलेलं असताना बॅटरी चार्ज करायची? बाबांनी हा हिशोब ऐकून फक्त माझ्याकडे बघितलं.

धुराचा अलार्म तुमच्याकडे असेलच, कारण १ जुलै २०२२ पासून इथे प्रत्येक घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर रोकमेल्डर सक्तीचा आहे. आमच्याकडेही होता. पण त्या रात्री तो वाजला नाही, कारण धूर नव्हता, नुसता वास होता. बॅटरी चार्ज होते त्या जागेजवळ एक जास्तीचा लावा. आणि बटण दाबून बघा, वाजतो का.

थंडीचं राहिलं. बरेच जण मागच्या अंगणातल्या शेडमध्ये चार्ज करतात. घरापासून लांब, म्हणून कल्पना चांगली, पण जानेवारीत शून्याखाली गेलं की नाही. गोठणबिंदूखाली चार्ज केलं की सेलच्या आत लिथियमचा धातू साचतो, तो परत निघत नाही, आणि पुढे हेच शॉर्टचं कारण होऊ शकतं. बॅटरी आत आणा, दोन तास घरात राहू दे, मग लावा. उन्हाळ्यात उलट. २५ जुलै २०१९ ला इथे खील्झे-रायनला ४०.७ अंश होते, आणि लाकडी शेडमध्ये त्याहून जास्तच. तशा दिवशी शेडमध्ये चार्जिंग नको, आणि उन्हातून आल्या आल्याही नको, बॅटरी आधी निवू द्या.

फ्लॅटवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. तळघरातल्या बेर्खिंगमध्ये चार्ज करायला काही सोसायट्या मनाई करतात, तेव्हा तुमच्या फेफेएचे नियम आणि घराच्या विम्याची कागदं दोन्ही वाचा. ज्या सायकलींची बॅटरी फ्रेममधून निघतच नाही, त्यांची पंचाईत होते हे खरं. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. कुणी फेफेएच्या मीटिंगमध्ये खाली चार्जिंगसाठी वेगळी, हवेशीर जागा मंजूर करून घेतली असेल तर कसं जमवलं ते लिहा, पुढच्या खेपेला छापू.

बाबा जानेवारीत परत गेले. दर रविवारी फोनवर आधी लेकीची चौकशी होते, मग हवेची, आणि मग हमखास, "पिन बघितलीस का?" बघितली, बाबा.

ता. क. वॉटमीटर आणि (पुरणपोळीचं संशोधन चालू नसेल तेव्हा) थर्मामीटर माझ्याकडे पडून असतात. अ‍ॅम्स्टेलवेन किंवा आसपासच्या कुणाला आपला चार्जर तपासून बघायचा असेल तर शनिवारी सकाळी सायकल घेऊन या. चहा मिळेल :-)